ट्रॉलीच्या आसाचा नट किती आवळावा?

सभासद बंधूंनो, गळीत हंगामाआधी ट्रॉलीचा आस घरीच तपासून घ्यावा. चाकाचे नट समोरासमोरचे धरून ताकदीने कसायचे असतात. पण हबच्या टोपणाखालचा आसाचा मोठा नट तसा कसू नये. जास्त घट्ट झाला तर बेअरिंग तापून जळते. सैल राहिला तर चाक डुलते आणि उमरखेड-पुसद रस्त्यावर भरल्या ट्रॉलीचे चाक निखळू शकते.

रिकामी ट्रॉली सपाट जागी लावून बाकीच्या चाकांना दगड द्या. आसाखाली जॅक लावा, शिवाय ओंडक्याचा आधार द्या. टोपण व पिन काढून नट सोडा. आटे झिजले असतील तर त्याच मापाचा नवा नट घ्या. बेअरिंग डिझेलने धुऊन, सुकवून नवे ग्रीस भरा. मग चाक हाताने फिरवीत नट आवळा. चाक जड झाले की पिनचे भोक जुळेल इतका मागे घ्या. चाक मोकळे फिरावे, पण हलवून पाहता खडखड नको.

पिन दर वेळी नवीच घाला; खिळा किंवा तार चालवू नका. आठ-दहा किलोमीटर चालल्यावर हबला हात लावून पाहा. चटका बसला तर नट घट्ट आहे. चाकाचे नटही तेव्हाच पुन्हा कसा. पिन थोडक्या पैशांची, पण तिच्यावर ऊस आणि माणसाचा जीव दोन्ही असतात.