एकाकी परदेशी बालकें आणि कायद्याचें छत्र

ज्याचें वय अठरा वर्षांच्या आंत आहे, ज्याजवळ देशांत राहण्याचा परवाना नाहीं, आणि ज्याचा सांभाळ करण्यास आई, बाप किंवा कायदेशीर पालक त्या देशांत उपलब्ध नाहीं, अशा मुलास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा कायदा 'एकाकी परदेशी बालक' असें समजतो. ही व्याख्या २००२ सालच्या कायद्यांतील आहे. आमच्या विद्यार्थी वाचकांनीं तिच्यांतील तिन्ही लक्षणें ध्यानांत ठेवावीं. पुढील सारा वाद त्यांवरच उभा आहे. पालक वाचकांनीं एवढेंच मनांत आणावें कीं, ज्यांच्याविषयीं आम्ही लिहीत आहों, त्यांत आपल्या पांचवी-सहावीच्या वर्गांत बसावीं इतक्या लहान वयाचीं मुलेंही आहेत.

हीं मुलें मुख्यत्वेंकरून ग्वाटेमाला, होंडुरास व एल साल्व्हाडोर या तीन देशांतून मेक्सिको ओलांडून येतात. कोणी गुंडांच्या टोळींत सामील होण्याचें नाकारलें म्हणून पळतो. कोणाच्या शेतांत पीक नाहीं. कोणाची आई पूर्वींच मोलमजुरीसाठीं उत्तरेस गेली आहे व मूल तिच्या शोधार्थ निघालें आहे. २०१४ च्या सरकारी वर्षांत दक्षिण सीमेवर अशीं ६८,००० हून अधिक मुलें पकडलीं गेलीं. ('पकडणें' हा सरकारी कागदांतील शब्द होय, वस्तुतः पुष्कळ मुलें आपण होऊन शिपायाकडे चालत जातात.)

प्रारंभीं कायदा या मुलांस अनुकूल नव्हता. १९८५ सालीं एल साल्व्हाडोरहून आलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या वतीनें कॅलिफोर्नियांत दावा लावण्यांत आला. तिच्यासारख्या मुलांस परक्या प्रौढांसमवेत कोंडून ठेवीत, अंगझडती घेत, आणि शिक्षणाची सोय कांहींच नसे. १९९३ सालीं सुप्रीम कोर्टानें निकाल सरकारच्या बाजूनें दिला. तथापि मुलांच्या वकिलांनीं चिकाटी सोडली नाहीं, व १९९७ सालीं उभयपक्षीं तडजोड झाली. तीच 'फ्लोरेस करार' या नांवानें प्रसिद्ध आहे. मुलांस शक्य तितक्या मोकळ्या जागीं ठेवावें, अन्न, पाणी व औषधोपचार द्यावा, आणि विनाविलंब आईबाप वा नातलगांच्या स्वाधीन करावें, असें तीत ठरलें. २००२ सालीं या मुलांचा सांभाळ सीमा राखणाऱ्या खात्याकडून काढून आरोग्यखात्याच्या निर्वासित-पुनर्वसन कचेरीकडे देण्यांत आला. जो हांकलून देऊं पाहतो त्याच्याच हातीं पाळणा नसावा, हें आमच्या मतें या सुधारणेचें मर्म होय.

यापुढील मोठा कायदा २००८ सालचा. मनुष्यविक्रयाच्या प्रतिबंधासाठीं केलेल्या या कायद्यास विल्यम विल्बरफोर्स याचें नांव दिलें आहे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणाऱ्या याच गृहस्थानें १८१३ सालीं पार्लमेंटांत मिशनऱ्यांस हिंदुस्थानांत येऊं द्यावें म्हणून खटपट केली होती. त्याच वर्षीं मुंबईस उतरलेल्या हॉल व नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांस कंपनी सरकारनें देशाबाहेर घालविण्याचा हुकूम काढला होता. ते दोघे सुशिक्षित व प्रौढ होते; गव्हर्नरास अर्ज लिहून त्यांनीं आपली बाजू मांडली व अखेर ते राहिले. दहा वर्षांच्या मुलास असा अर्ज कोण लिहून देणार?

२००८ च्या कायद्याचें उत्तर पुढीलप्रमाणें आहे. मूल एकाकी आहे असें ठरल्यावर साधारणतः बहात्तर तासांच्या आंत त्यास वरील कचेरीच्या हवालीं केलें पाहिजे. ग्वाटेमालासारख्या दूरच्या देशांतील मुलास सीमेवरून परस्पर परत पाठवितां येत नाहीं. त्याचें प्रकरण न्यायाधीशापुढें चाललें पाहिजे, व त्यास आश्रय मागण्याची संधि मिळाली पाहिजे. मेक्सिको व कॅनडा या शेजारच्या देशांच्या मुलांस मात्र केवळ चौकशी करून परत धाडतां येतें. तें मूल विकलें गेलेलें नाहीं, त्यास परत जाण्याचें भय नाहीं व स्वतःचा निर्णय करण्यास तें समर्थ आहे, एवढें चौकशींत दिसलें म्हणजे झालें. थकलेलें मूल गणवेषधारी परक्या शिपायाजवळ आपलें भय पहिल्याच भेटींत बोलून दाखवील काय? हा भेद आम्हांस सदोष वाटतो. यांशिवाय १९९० सालापासून आणखी एक वाट आहे: आईबापांनीं छळलेल्या वा टाकलेल्या मुलास प्रांतिक न्यायालयाच्या निर्णयावरून कायम वास्तव्याचा हक्क मागतां येतो.

एक उणीव मोठी आहे. देशाबाहेर घालविण्याच्या खटल्यांत वकील देण्याची मुभा आहे, परंतु सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क मुलासही नाहीं. सरकारतर्फे शिकलेला वकील आणि समोर एकटें मूल, असा देखावा तेथील न्यायालयांत अनेक वेळां दिसला आहे.

राष्ट्रास आपली सीमा राखण्याचा हक्क आहे, आणि प्रत्येक मूल परत पाठविणें अन्यायाचेंच असतें असेंही नाहीं. घरीं सुरक्षित आईबाप वाट पाहत असतील तर मुलानें घरींच जावें. प्रश्न खात्री करण्याचा आहे. खात्री न केल्यास काय होतें, हें बेल्जममध्यें दिसलें. २००२ सालीं काँगो देशाच्या एका पांच वर्षांच्या मुलीस ब्रुसेल्सच्या विमानतळावर अडवून सुमारें दोन महिने प्रौढांच्या बंदिगृहांत ठेवलें, आणि नंतर एकटीलाच विमानानें किन्शासास पाठविलें. तेथें तिला घेण्यास घरचें कोणीही आलें नव्हतें. तिची आई कॅनडांत आश्रित होती. मुलगी पुढें तिला मिळाली. २००६ सालीं युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें बेल्जमला दोषी ठरविलें.

अशीच वेळ ३१ ऑगस्ट २०२५ रोजीं संयुक्त संस्थानांत आली. सणाच्या सुटीचा रविवार होता. ग्वाटेमालाच्या मुलांस आश्रयगृहांतून मध्यरात्रीं उठवून टेक्सासमधील विमानतळांवर नेण्यांत आलें. वकिलांनीं त्याच रात्रीं वॉशिंग्टनच्या न्यायालयांत धांव घेतली. न्यायाधीश स्पार्कल सूकनानन यांस झोपेंतून उठवावें लागलें, आणि त्यांनीं पहाटे मनाईहुकूम दिला. त्या वेळीं कांहीं मुलें विमानांत बसलीं होतीं; तीं उतरवून आश्रयगृहांत परत नेलीं. आईबापांनींच मुलें परत मागितलीं आहेत, असें सरकारचें म्हणणें होतें. १८ सप्टेंबर रोजीं न्यायाधीश टिमथी केली यांनीं त्यास पुरावा नाहीं असें म्हणून, ज्यांच्याविरुद्ध अखेरचा हुकूम झालेला नाहीं अशा ग्वाटेमालाच्या मुलांपुरती ती मनाई पुढें चालू केली. केली यांची नेमणूक त्याच अध्यक्षांनीं आपल्या पहिल्या कारकीर्दींत केली होती, हेंही येथें नमूद करावेंसें वाटतें.

या हुकुमानें मुलांस त्या देशांत राहण्याचा हक्क मिळाला नाहीं. मिळाली ती केवळ सुनावणीची वेळ. आणि त्या सुनावणींत सरकारी खर्चाचा वकील त्यांच्या बाजूस असेल, असें कायद्यांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें.