आयटी क्षेत्र : डोकी किती, डोक्यात किती?

‘आयटी’ हा तीन अक्षरी शब्द आज सर्वच शाखांच्या मुलामुलींच्या तोंडी आहे. ब्रँच सिव्हिल असो, मेकॅनिकल असो वा कॉम्प्युटर, शेवटच्या वर्षाला अ‍ॅप्टिट्यूडचं पुस्तक प्रत्येक रूममध्ये दिसतंच. पण ज्या क्षेत्राच्या भरवशावर आपण चार वर्षं काढतो, ते वाढलं कसं आणि पुढे वाढणार कसं, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. तो मांडण्याचा हा माझा छोटासा प्रयत्न. गणित आठवीच्या पलीकडचं नाही, त्यामुळे एम-थ्रीत अडकलेल्या मित्रांनीही बिनधास्त पुढे वाचावं!

थोडा इतिहास

टीसीएसची स्थापना १९६८ साली मुंबईत झाली. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि नंतर बंगळुरूला गेली. त्या काळी संगणक आयात करायचा म्हणजे परवान्यांसाठी दिल्लीच्या खेटा. त्यामुळे बरंचसं काम आपली माणसं परदेशी जाऊन तिथल्या मशीनवर करत. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सोपी केली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढलं आणि इथे बसून केलेलं काम उपग्रहामार्फत तिकडे पाठवता येतं, हे दिसून आलं. १९९१ पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेमुळे छोट्या कंपन्यांनाही अशी जोडणी आणि सवलती मिळू लागल्या.

मग आला ‘वायटूके’. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले, त्यामुळे २००० साल आणि १९०० साल यांत मशीनची गल्लत होणार होती. ओळ न् ओळ तपासायला माणसं हवी होती आणि ती आपल्याकडे होती. तेव्हापासून या धंद्याचं सूत्र पक्कं झालं : काम जितकं जास्त, तितकी माणसं जास्त. ग्राहकाला बिल लागायचं ते माणसांच्या तासांवर.

आता हिशेब

‘नॅसकॉम’ ही या उद्योगाची संघटना. तिच्या आकडेवारीनुसार २००९-१० साली या उद्योगाची उलाढाल सुमारे ७३ अब्ज डॉलर होती आणि त्यात सुमारे २३ लाख लोक काम करत होते. २०२४-२५ साठी संघटनेचा अंदाज होता सुमारे २८३ अब्ज डॉलर आणि ५८ लाख लोक. म्हणजे उलाढाल जवळपास चौपट. टाळ्या वाजवाव्यात अशीच गोष्ट आहे.

पण आता भागाकार करू. २००९-१० साली दरमाणशी उलाढाल येते सुमारे ३२ हजार डॉलर, आणि २०२४-२५ साली सुमारे ४९ हजार डॉलर. वाढ साधारण ५३ टक्के. त्याच पंधरा वर्षांत अमेरिकेतली महागाई ४५ टक्क्यांच्या आसपास वाढली. म्हणजे महागाई वजा केली तर एकेका माणसामागची खरी वाढ नगण्य उरते. उद्योग मोठा झाला तो मुख्यतः डोकी वाढवून. याच काळात डॉलर ४७ रुपयांवरून ८५ च्या घरात गेला, त्यामुळे रुपयांत पाहिलं की आकडे जास्तच गुटगुटीत दिसतात.

आणि आपला, म्हणजे फ्रेशरचा पगार? पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या सेवा-कंपन्यांत तो वर्षाला तीन-सव्वातीन लाख होता. आजही बऱ्याच ठिकाणी तो साडेतीन लाखांच्या आसपासच आहे. यात कुणा एकाचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. जे काम तीन महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर कुणीही करू शकतो, त्याचा भाव वाढत नाही. बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की काय होतं, हे आपल्यातल्या अनेकांनी घरीच पाहिलंय.

आव्हाने

पहिलं आव्हान म्हणजे, साचेबंद कोड लिहिणं आणि टेस्टिंग यांतलं बरंच काम आता एआयची साधनं करू लागली आहेत. फ्रेशरच्या हाती पहिल्यांदा पडायचं ते नेमकं हेच काम. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे जवळपास दोन टक्के माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. म्हणजे नुसता अनुभवही पुरेसा नाही.

दुसरं, आपल्या निर्यातीचा निम्म्याहून जास्त भाग एकट्या अमेरिकेत जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं, आणि एका सहीने इथल्या कितीतरी जणांचे बेत बदलले.

तिसरं, संशोधन. देशाच्या उत्पन्नापैकी आपण त्यावर २०२०-२१ साली जेमतेम ०.६४ टक्के खर्च केले. चीनचा आकडा दोन टक्क्यांच्या वर आहे.

संधी कुठे?

चित्र काळंकुट्ट मात्र नाही. परदेशी कंपन्यांनी स्वतःच्या कामासाठी इथे काढलेली केंद्रं, म्हणजे ‘जीसीसी’, २०२३-२४ पर्यंत १७०० वर गेली. पुणे हे त्यांचं एक मोठं ठिकाण आहे. तिथे बँकेचं, गाडीचं, औषधाचं काम चालतं, त्यामुळे विषय कळणारा माणूस लागतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदाच एका महिन्यात १००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. आपल्याच टपरीवाल्याचा सुट्ट्या पैशांचा प्रश्न कुणीतरी नीट समजून घेतला, त्याचं हे फळ. पुण्याच्या ‘क्विक हील’ची सुरुवातही दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानातून झाली. गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये व्हायरस सापडू लागले, त्यावर उपाय शोधता शोधता स्वतःचं उत्पादन उभं राहिलं.

मग आपण काय करायचं?

माझ्या मते तीन गोष्टी. एक, आपली ब्रँच सोडू नका. गिअरबॉक्स कळणारा आणि प्रोग्रॅमही लिहिणारा मेकॅनिकलवाला, नुसता प्रोग्रॅम लिहिणाऱ्या दहा जणांपेक्षा दुर्मिळ आहे. दोन, एआयकडून कोड जरूर घ्या, पण ती ओळ तिथे का आहे आणि कुठल्या इनपुटला ती फसेल, हे सांगता येईपर्यंत उठू नका. तीन, फायनल इयर प्रोजेक्ट दुकानातून तयार आणण्यापेक्षा जवळचा प्रश्न निवडा. आपल्या मेसमध्ये रोज किती अन्न वाया जातं, हेसुद्धा कुणी मोजलेलं नाही!

आदरणीय सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती : जर्नलच्या सुंदर अक्षरापेक्षा व्हायवातल्या ‘का?’ला जास्त मार्क द्या. सुरुवातीला आम्ही कुरकुर करू, पण सवय होईल.

आजवर या क्षेत्राने डोकी मोजली, आणि त्यामुळे लाखो घरांत पहिला पक्का पगार आला. ते ऋण मान्यच आहे. पण आता डोक्यात काय आहे ते विचारलं जाणार. प्लेसमेंटचा सीझन यायला अजून वेळ आहे, मित्रांनो. उत्तराची तयारी आजपासून केलेली बरी.