जुन्या ट्रकचा दम

रावेर तालुका म्हणजे केळीचा मुलूख. येथली केळी रेल्वेने जातात, तशी ट्रकनेही लांब उत्तरेकडे जातात. ट्रकमध्ये केळीची पाने अंथरतात, त्यावर माल रचतात, आणि गाडी बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागते. पुढे असीरगडाजवळ सातपुड्याची चढण येते. तेथे जुन्या गाडीची परीक्षा होते. ती काळा धूर सोडीत, कण्हत कण्हत चढते.

कापलेला माल कोणासाठी थांबत नाही. उशीर झाला की उन्हात केळी पिकतात, आणि पिकली की भाव पडतो. एका जुन्या ट्रकवर मालक, ड्रायव्हर आणि क्लिनर अशी तीन घरे चालतात. म्हणून गाडी का ओढत नाही, हे तिघांनाही कळले पाहिजे.

एक गोष्ट आधी ध्यानात ठेवा. जुन्या इंजिनात नवी शक्ती भरायची नसते. गेलेली शक्ती परत आणायची असते. हे काम थोड्या पैशांत होते.

शक्ती कशी मोजतात?

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलले, तर एक अश्वशक्ती लागते. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीच्या साहाय्याने जमशेदपूरला ट्रक बांधण्यास सुरुवात केली. पुढे टाटांच्या गाड्यांवर १२१०, १६१२ असे आकडे आले. १६१२ म्हणजे काय? मालासकट वजन सुमारे १६ टन, आणि इंजिन सुमारे १२० अश्वशक्तीचे.

आता हिशेब करू. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, अशी चढण धरा. गाडी मालासकट १६ टन. वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तेव्हा गाडी दर सेकंदाला पाव मीटर वर चढते. १६,००० किलो पाव मीटर उचलणे म्हणजे ४,००० किलो एक मीटर उचलणे. त्याला ७५ ने भागा. उत्तर सुमारे ५३ येते. इतकी अश्वशक्ती नुसती चढण्यात जाते. चाकांना लागणारी ओढ वेगळी.

एक टन जादा भरला, तर ५३ च्या जागी सुमारे ५७ लागतात. म्हणजे कागदावर लिहिलेल्या वजनाइतकाच माल भरणे, हा शक्तीचा पहिला आणि फुकटचा उपाय आहे.

इंजिनाची चूल

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी झाले. त्यात ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा दाबतो. दाबाने हवा इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच तो पेट घेतो.

म्हणजे ही एक चूलच आहे, बरं का! चुलीला लाकूड लागते, तशी हवाही लागते. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे १२ किलो हवा लागते. ती हवा जवळजवळ दहा हजार लिटर भरते! हवा कमी पडली, की चूल धुमसते. धूर म्हणजे न जळलेले डिझेल, म्हणजे तुमचेच पैसे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तशी ही गत आहे.

धूर वाचायला शिका

काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर आणि नोझल पहा.

निळा धूर : इंजिन ऑईल जळते आहे. रिंगा किंवा लायनर झिजले असतील.

पांढरा धूर : डिझेल न पेटता बाहेर पडते आहे. सकाळी गार इंजिनातून थोडा वेळ आला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही राहिला, तर नोझल आणि पंपाचे टायमिंग पहा. रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर पाणी आत जात आहे. गाडी ताबडतोब थांबवा.

काय करावे?

कमी खर्चाचे काम आधी, जास्त खर्चाचे नंतर, असा क्रम ठेवा.

१. हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्यावर फार धूळ असते. एअर फिल्टर साफ ठेवा. जुन्या गाडीत तेलाचा एअर क्लीनर असेल, तर घाण तेल काढून भांडे धुवा आणि नवे तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरू नका, ते इंजिनात ओढले जाते. फिल्टर काढून गाडी कधीही चालवू नका. धूळ लायनरला कानसीसारखी घासते.

२. धुराची वाट. सायलेन्सर चेपला असेल किंवा काजळीने भरला असेल, तर इंजिनाला श्वास सोडता येत नाही.

३. डिझेल. फिल्टर वेळेवर बदला. खाली जमलेले पाणी काढा. फिल्टर बदलल्यावर नळीतली हवा काढायला विसरू नका.

४. टॅपेट. व्हॉल्व्हची फट बिघडली, की हवा नीट आत येत नाही आणि दाबही कमी होतो. फट किती हवी, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. अंदाजाने बसवू नका.

५. नोझल. फवारा बारीक धुक्यासारखा हवा. थेंब गळत असतील, तर डिझेल जळत नाही. मशीनवर तपासून घ्या. त्याच वेळी पंपाचे टायमिंगही पाहून घ्या.

६. चाके. कधी इंजिन चांगले असते, पण ब्रेक घासत असतो. गाडी सपाट जागी उभी करून इतर चाकांना ओट लावा. एक चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवून पहा. गाडीखाली मात्र जाऊ नका. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. क्लच सरकत असेल, तर इंजिन ओरडते आणि गाडी जागीच राहते.

७. पाणी. रेडिएटरची जाळी धुवा. फॅनचा पट्टा ताणून ठेवा. काही लोक उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकतात. तसे करू नका. काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरते आणि इंजिन उलट जास्त तापते.

इतके करूनही गाडी ओढत नसेल, तर इंजिनाचा दाब मोजून घ्या. दाब उतरला असेल, तर रिंगा-लायनरचे काम काढावे लागेल. हे काम महाग आहे. पण आधीची कामे करून घेतली, तर हा खर्च विनाकारण होत नाही.

"गुरुजी, पंप वाढवला तर?"

हा प्रश्न प्रत्येक ड्रायव्हरदादाच्या मनात असतो. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवले, की पहिले चार दिवस गाडी जोरात वाटते. पण हवा तितकीच, मग जादा डिझेल जळणार कसे? ते लायनरवरचे तेल धुऊन काढते आणि खाली जाऊन ऑईल पातळ करते. इंजिन भलते तापते. पुढे पिस्टन वितळतो किंवा हेडला तडा जातो. घाटात ही वेळ आली, तर माल गेला, इंजिन गेले, आणि मागून येणाऱ्या गाडीचा धोका वेगळाच. शिवाय धुराच्या तपासणीत गाडी नापास होते. पंप पुस्तकातल्या मापावर लावून घेणे चांगले. त्याच्या वर वाढवणे वाईट. म्हाताऱ्या बैलाला चांगला चारा द्यावा, पराणी टोचू नये.

चढणीवर गिअर वेळीच खाली घ्या. इंजिन गुदमरेपर्यंत वरचा गिअर ओढू नका. उतरणीला गाडी न्यूट्रल करू नका.

वही ठेवा

आता तुम्हाला लिहिता येते. गाडीत एक वही ठेवा. टाकी भरली की तारीख, किलोमीटर, डिझेल आणि भरलेले वजन लिहा. समजा, पुन्हा टाकी भरेपर्यंत ४८० किलोमीटर झाले आणि १२० लिटर डिझेल लागले. म्हणजे लिटरला ४ किलोमीटर. तितकेच वजन, तोच रस्ता, आणि आकडा ३.५ वर आला, तर गाडी काहीतरी सांगते आहे. मोडण्याआधी तिचे ऐका. वहीवरून मिस्त्रीलाही दोष लवकर सापडतो, आणि नको त्या कामाचे पैसे तुम्ही देत नाही.

नवे शब्द

अश्वशक्ती : घोड्याच्या बळावरून ठरवलेले शक्तीचे माप.
ओट : गाडी घसरू नये म्हणून चाकाखाली ठेवायचा दगड किंवा ठोकळा.
पराणी : बैलाला टोचायची अणकुचीदार काठी.

प्रश्न

१. काळा, निळा आणि पांढरा धूर काय सांगतो?
२. पंप वाढवल्याने इंजिनाचे नुकसान का होते?
३. ३६० किलोमीटरला ९० लिटर डिझेल लागले. एका लिटरला किती किलोमीटर पडले?
४. तुमच्या ओळखीच्या एका गाडीचा धूर पहा. त्यावर तीन ओळी लिहा.