परंदवडीची पहाट : थंडी कोठे उतरते ?

उंच जागी थंडी अधिक आणि सखल जागी कमी, असे आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकतो. हिमालयाची शिखरे बारमाही बर्फाने झाकलेली असतात आणि गंगेच्या मैदानात उन्हाळा होरपळून काढतो, हे त्याचे उदाहरणही आपणांस पाठ असते. साधारणतः दर हजार मीटर उंचीस साडेसहा अंश सेल्सिअस ह्या मानाने हवा गार होत जाते, हा नियमही खोटा नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या निरभ्र पहाटे मावळात जाऊन उभे राहावे, म्हणजे हाच नियम उलटा झालेला दिसतो. ओढ्याकाठच्या खाचरात दातावर दात आपटत असतात. आणि शेजारच्या टेकडीवर चढून गेल्यास कानटोपी काढून ठेवावीशी वाटते. असे का होते, आणि शनिवार-रविवारच्या सहलीस निघणाऱ्या मित्रमंडळींनी त्यापासून काय शिकावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम स्थळाचा परिचय करून घेऊ. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर देहूरोडनंतर बेगडेवाडी, घोरावाडी व तळेगाव ही स्थानके लागतात. ह्याच टापूत, सोमाटणे फाट्यापासून आत, पवनेच्या खोऱ्यात परंदवडी हे गाव आहे. पावसाळ्यात भाताची खाचरे, दिवाळीनंतर त्याच ओलीवर हरभरा-मसूर, मधून मधून गुलाबाची हरितगृहे आणि क्षितिजावर डोंगरांच्या रांगा, असे ह्या भागाचे रूप आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील वाहनांची घरघर रात्रीही कानी येते. तरीपण शहरातील दिव्यांपासून थोडे दूर गेले, की आकाश आपले सगळे तारे दाखविते. आणि आपल्या आजच्या पाठाचा आरंभ त्या उघड्या आकाशापासूनच होतो.

सूर्य मावळला की जमिनीची मिळकत थांबते, पण खर्च थांबत नाही. दिवसभर साठविलेली उष्णता ती अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडीत राहते. आभाळात ढग असले तर ते ह्या उष्णतेचा बराच भाग शोषून पुन्हा खाली पाठवितात. म्हणून ढगाळ रात्र उबदार वाटते. हिवाळ्यात मात्र पुणे प्रांतावरील हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असते. पांघरूण काढून घेतलेल्या मुलाप्रमाणे जमीन उघडी पडते, आणि तिला लागून असलेली हवाही तिच्याबरोबर गारठते. ह्यामुळेच जानेवारीत पुण्यास दुपारचे सरासरी तापमान तीस अंशांच्या आसपास असूनही पहाटेचे सरासरी अकरा-बारा अंशांपर्यंत उतरते. १७ जानेवारी १९३५ रोजी तर पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत खाली गेला होता. मुंबईस असा कडाका पडत नाही, कारण तेथे शेजारी समुद्र आहे. पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही.

आता ह्या गारठलेल्या हवेचे पुढे काय होते ते पाहू. गार हवा उबदार हवेपेक्षा जड असते. वारा पडलेला असला, म्हणजे ती उतारावरून हळूहळू पाण्यासारखी खाली ओघळते आणि ओढा, नदीकाठ, बांधांमधील खाचर अशा खोलगट जागी साठून राहते. तिला बाजूस सारून जी किंचित उबदार हवा वर राहते, ती टेकडीच्या अंगाशी असते. खालच्या साठ्यात बाष्प पुरेसे असेल, तर त्याचे सूक्ष्म जलकण बनून धुके उत्पन्न होते. लोहगडावरून अशी सकाळ ज्यांनी पाहिली असेल, त्यांना पवनेच्या खोऱ्यात पसरलेल्या शुभ्र धुक्यातून तुंग व तिकोना हे किल्ले बेटांसारखे वर आलेले आठवत असतील. ते धुके म्हणजे खोऱ्यात साठलेल्या गार हवेचे दृश्य रूपच होय.

ही केवळ कल्पना नव्हे. पुणे परिसरातील हवामानकेंद्रांची हिवाळ्यातील किमान तापमाने वर्तमानपत्रांत येतात, ती विद्यार्थ्यांनी रोज वहीत उतरून घ्यावीत. लवळे येथील उंचावरच्या केंद्राचा पहाटेचा पारा शिवाजीनगर किंवा पाषाण येथील पाऱ्यापेक्षा पुष्कळदा कितीतरी वर असल्याचे आढळेल. एकाच शहराच्या परिसरात, एकाच रात्री, इतका फरक केवळ जागेच्या उंचसखलपणाने पडू शकतो. आकडे आपोआप बोलत नाहीत. शेजारी शेजारी मांडले म्हणजे बोलू लागतात.

पुणे शहराचा आणि ह्या शास्त्राचा संबंध जुना आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरातील त्या वास्तूस लोक अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९३२ साली पुण्यास खात्याची कृषिहवामान शाखा निघाली, आणि एल. ए. रामदास हे तिचे प्रमुख झाले. त्याच वर्षी रामदास व त्यांचे सहकारी एस. आत्मनाथन ह्यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. शांत व निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत गार जागा प्रत्यक्ष भूपृष्ठ ही नसून त्याच्या वर वीत-दोन वीत उंचीवरील हवा ही असते, असे त्यांना दिसून आले होते. खाली उबदार, वर गार, ही मांडणी टिकेल कशी, असे म्हणून अनेकांनी प्रथम शंका घेतली. पुढे निरनिराळ्या संशोधकांनी ती पडताळून पाहिली, आणि आज जगभर त्या थरास ‘रामदास-थर’ असे नाव आहे. पायाखालच्या दोन विती हवेकडे कोणी लक्ष देत नव्हते; ज्यांनी दिले त्यांना तेथेच नवे काही सापडले.

आमच्या विद्यार्थ्यांनाही सहलीत असे काही करून पाहता येईल. सारख्या बनावटीचे तीन तापमापक घ्यावेत आणि निघण्यापूर्वी ते एकाच खोलीत ठेवून तिन्ही एकच अंश दाखवितात की नाही हे तपासावे. मग मित्रांच्या तीन तुकड्या कराव्यात. एकीने ओढ्याकाठी, दुसरीने गावातील अंगणात आणि तिसरीने टेकडीच्या उतारावर, मोठ्या माणसाच्या सोबतीने, सूर्योदयापूर्वी एकाच ठरलेल्या वेळी अंश वाचावेत. तापमापक सर्वांनी जमिनीपासून सारख्याच उंचीवर टांगावा. हातात धरू नये, आणि त्यावर श्वास सोडू नये. वारा होता की नव्हता, आभाळ कसे होते, हेही लिहावे. एखाद्या दिवशी तिन्ही आकडे सारखे आले तर ते खोडू नयेत. त्या रात्री ढग आले असतील किंवा वारा सुटून हवा ढवळली गेली असेल. कारण शोधणे हाही अभ्यासच होय.

तापमापक नसल्यास लोकरीनेही काम भागते. लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स ह्यांनी दवाचा छडा लावताना सारख्या वजनाचे लोकरीचे झुबके रात्री निरनिराळ्या जागी ठेवले आणि पहाटे त्यांचे पुन्हा वजन केले. उघड्या आकाशाखालील झुबक्यात दव पुष्कळ भरे. फळीखालच्या किंवा आडोशाच्या झुबक्यात थोडे. त्यांचा दवावरील निबंध १८१४ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या मोठ्या शोधास साहित्य काय लागले, तर लोकर, तराजू आणि रात्री बाहेर पडण्याची तयारी !

आता निजण्याचा प्रश्न. पालकांनी हा भाग अवश्य वाचावा. १७७५ साली सर रॉबर्ट बार्कर ह्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीस एक वृत्तांत कळविला होता. उत्तर हिंदुस्थानातील लोक हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ खड्ड्यांत ताटे-कडब्याचा जाड थर अंथरून त्यावर पाण्याची पसरट मातीची भांडी मांडीत, आणि पहाटे त्यांत बर्फ धरलेले असे. पाणी आपली उष्णता आकाशास देई. आणि जमिनीतून मिळू शकणारी उष्णता खालचा थर वर येऊ देत नसे. हा थर स्वतः गारही नसतो व गरमही नसतो. त्याच्या पोकळ्यांत अडकलेली हवा उष्णतेची वाट अडवून धरते, इतकेच.

हेच तत्त्व उलट बाजूने वापरले म्हणजे मनुष्यास ऊब मिळते. भाताचा पेंढा मावळात मुबलक आहे. तो अंगाखाली पसरला तर शरीराची उष्णता जमिनीत जात नाही. पुष्कळ मुले दोन पांघरुणे अंगावर घेतात आणि खाली मात्र पातळ सतरंजी टाकतात. मग मध्यरात्री हुडहुडी भरली, की थंडी वरून आली असे समजतात. दोनांपैकी एक खाली अंथरावे. नदीकाठची सपाट जागा कितीही रम्य दिसली तरी तेथे मुक्काम करू नये. थोड्या उंचवट्यावर, छपराखाली किंवा निदान दाट झाडाखाली निजावे, कारण छप्पर व पाने ही ढगाचेच काम करतात. शेकोटी उघड्यावर पेटवावी आणि निजण्यापूर्वी पाणी टाकून विझवावी. पेटत्या कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून तर कधीही निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. निजलेल्यास जाग न येताच तो प्राण घेतो. दरवर्षी हिवाळ्यात अशा दुःखद वार्ता कोठून ना कोठून येतात.

परंतु पांघरुणांची गोष्ट इतक्यावर संपत नाही. सहलीच्या सूचनापत्रात ‘प्रत्येकाने एक घोंगडी आणावी’ हे वाक्य नेहमी असते, आणि बहुतेक घरी ते सहज वाचले जाते. आमच्या पाहण्यातील एका विद्यार्थ्याने मात्र ते वाचून ‘घरी काम आहे’ असे सांगितले व यादीतून नाव काढून घेतले. पुढे त्याची आई शाळेत आली तेव्हा खरे कारण कळले. “गुरुजी, गोधडी एकच आहे, आणि तिच्यात तीन लेकरं निजतात. त्यानं ती नेली तर धाकट्यांनी काय पांघरावं ?” असे ती म्हणाली. मुलाने थाप मारली होती खरी. पण ती आपली लाज झाकण्यापेक्षा भावंडांची ऊब राखण्यासाठीच अधिक होती. ही हकीकत आम्ही वर्गात सांगितली नाही. तथापि त्याच्या बाकावरील सोबत्याने, काय ओळखले कोण जाणे, दुसऱ्या दिवशी त्यास म्हटले, “माझी घोंगडी फार मोठी आहे रे, एकट्याला ती सावरत नाही. तू येशील का ?” तो आला. पेंढ्याच्या एका अंथरुणावर, एका घोंगडीखाली ते दोघे निजले. आणि पहाटे तापमापक वाचण्यास सर्वांच्या आधी तेच उठले.

शास्त्रदृष्ट्याही ह्यात नवल नाही. दोघे जण पाठीस पाठ लावून निजले, म्हणजे गार हवेस उघडे पडणारे अंग कमी होते आणि दोघांचीही ऊब टिकते. पण त्या मुलाने घोंगडीबरोबर दुसऱ्याचा मानही झाकला, ही गोष्ट तापमापकावर दिसावयाची नाही. उपकार केला असे न दाखविता मदत कशी करावी, हे आम्हां मोठ्यांनीही त्याच्यापासून शिकण्यासारखे आहे. म्हणून शिक्षकांस व पालकांस आमची सूचना आहे, की सूचनापत्रात ‘प्रत्येकाने’ असे न लिहिता ‘दोघांत मिळून दोन पांघरुणे पुरतील, कमी पडल्यास शाळा देईल’ असे लिहावे. चार शब्द बदलल्याने एखादा मुलगा घरी राहावयाचा वाचतो.

आणि एक. थंडी खोलगट जागी उतरते हे एकदा समजले, म्हणजे तेथे कोण निजते हेही दिसू लागते. नदीकाठी पाल ठोकून राहणारे मजूर, शेतात मेंढरे बसविणारे धनगर, बांधकामाच्या खड्ड्याशेजारी पत्र्याच्या खोपटात राहणारी कुटुंबे ह्यांना उंचवट्याची निवड करावयास मिळत नाही; काम असेल तेथे त्यांचे बिऱ्हाड असते. आपल्या घरातील खिडकीशी टांगलेला पारा बारा अंश दाखवीत असेल, तेव्हा त्यांच्या बिऱ्हाडाशी तो त्याहून बराच खाली असण्याचा संभव आहे. पेटीत घडी करून ठेवलेली घोंगडी जानेवारीतच द्यावी. मार्चमध्ये दिलेली घोंगडी ही केवळ पेटीची सफाई होय.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, ह्या हिवाळ्यात एक शनिवार-रविवार मोकळा काढा. तापमापक, वही, पेन्सिल, बाजरीची भाकरी व तिळगुळाची पुडी एवढे सामान पुरे. टेकडी चढताना जो सर्वांत हळू चालतो त्यास पुढे ठेवा, म्हणजे कोणी मागे पडणार नाही. तिन्ही तुकड्यांचे आकडे एका तक्त्यात मांडून आमच्याकडे आणून द्या. आणि त्या तक्त्याच्या खाली, रात्री कोणास थंडी वाजली व तुम्ही काय केले, हेही एका ओळीत लिहा.