यजमान संगणकाची देखभाल-अवस्था

म्हैसूर संस्थानातील शिवनसमुद्र येथे कावेरीच्या पाण्यावर चालणाऱ्या केंद्रातून इ. स. १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. खाणीचा वीजपुरवठा अवचित तुटणे म्हणजे संकटच. म्हणून वीजकेंद्रात जनित्र उघडावयाचे झाल्यास प्रथम त्याचा भार शेजारच्या जनित्रांवर चढवितात, मग ते मंडलातून वेगळे करतात व नंतरच त्याला हत्यार लावतात. संगणक-कक्षातही हाच नियम पाळावा लागतो.

एका मोठ्या सर्व्हरवर अनेक आभासी संगणक नांदतात. त्या सर्व्हरास यजमान म्हणतात. एकाच यजमानावर रुग्णालयाच्या नोंदी, पगारपत्रके व टपाल अशी निरनिराळी कामे चालू असू शकतात. तो एकाएकी बंद केला तर ती सर्व एकदम थांबतील. आपोआप अन्यत्र चालू होण्याची सोय असली, तरी मधल्या खंडात न साठविलेले काम नष्ट होईल.

हे टाळण्यासाठी देखभाल-अवस्था, म्हणजेच मेन्टेनन्स मोड, योजिली आहे. ह्या अवस्थेत यजमानावर नवा आभासी संगणक सुरू होत नाही, आणि चालू असलेले हलविल्यावाचून अथवा बंद केल्यावाचून प्रवेश पुरा होत नाही. चालत्या संगणकाची स्मृती दुसऱ्या यजमानावर उतरविली जाते. तेवढ्यात बदललेला भाग पुन्हा उतरवितात, आणि क्षणभर थांबून काम तेथे पुढे चालू राहते. व्हीएमवेअर कंपनीने ही सोय २००३ मध्ये आणली.

स्मृतिपट्ट्या बदलणे, मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविणे, सदोष भाग तपासणे, थोडक्यात यजमान बंद वा पुन्हा चालू करावा लागेल अशा प्रत्येक कामापूर्वी ही अवस्था घ्यावी. एकच आभासी संगणक हलवावयाचा असल्यास तिची गरज नाही.

मात्र आधी हिशेब करावा. तीन सारख्या यजमानांची स्मृती प्रत्येकी ८० टक्के भरलेली असेल, तर एक काढल्यावर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी १२० टक्के भार येईल. हे अशक्य होय. तीच ६० टक्के असेल, तर भार ९० टक्के होऊन काम निभावेल. ज्या आभासी संगणकास यजमानाचेच एखादे उपकरण थेट जोडलेले असते, तो चालू स्थितीत बहुधा हलत नाही. त्याच्या वापरकर्त्यांस पूर्वसूचना देऊन तो रीतसर बंद करावा. यजमानांच्याच तबकड्या मिळून सामाईक साठा झाला असेल, तर तेथील माहितीची प्रत अन्यत्र आहे ना, हेही पाहावे.

काम संपताच यजमानाची चाचणी घेऊन त्यास ह्या अवस्थेतून बाहेर काढावे. हे विसरल्यास तो रिकामा पडून राहतो, इतरांवर भार साचतो, आणि पुढचा बिघाड होईल तेव्हा आधारास कोणी उरत नाही.