जुनी नक्षी-करवत : निगा आणि दोषशोधन

कला शाखेच्या वार्षिकांकात यंत्रावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर साधे आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. माझे बाबा वाढई आहेत, आणि माझ्या शिक्षणाचा बराचसा खर्च ज्या यंत्रावर निघतो ते यंत्र दुसऱ्याच्या हातून आमच्याकडे आलेले आहे. दीड क्विंटल कापसाच्या पैशांत ते मिळाले. पण सोबत माहितीपुस्तिका नव्हती. बाबांना वाचून दाखवता येईल असे मराठी पुस्तकही मला मिळाले नाही. म्हणून दोन वर्षे वहीत जे टिपत गेलो, ते येथे क्रमाने मांडत आहे.

या यंत्राला इंग्रजीत स्क्रोल सॉ म्हणतात. आपण त्याला नक्षी-करवत म्हणू. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला अनेकांनी धनुष्याच्या आकाराची फ्रेट सॉ हाताळली असेल. तिचेच हे विजेवर चालणारे रूप होय. बारीक पाते वर आणि खाली अशा दोन्ही टोकांना पकडलेले असते. मोटारीची गोल गती क्रँकमुळे खाली-वर होणाऱ्या गतीत बदलते आणि लाकूड पात्याभोवती हवे तसे फिरवता येते. असे नाजूक काम फार जुने आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातील कारागीर आंद्रे-शार्ल बुल (१६४२–१७३२) याचे जडावकाम बारीक करवतीनेच घडले. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात लाकडावर नकाशे चिकटवून त्यांचे तुकडे कापले आणि मुलांना भूगोल शिकवण्याचे साधन तयार केले. आजच्या चित्रकोड्यांचा उगम तेथे सांगतात.

आपल्या विदर्भात या यंत्राला खरे काम मिळते ते तान्ह्या पोळ्याच्या आधी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मिळवतात. ठोकळ्याच्या लगतच्या दोन बाजूंवर बैलाचे दोन आकार काढायचे, एक बाजू कापायची, सुटलेले तुकडे चिकटपट्टीने पुन्हा जागी बसवून दुसरी बाजू कापायची. आत पूर्ण बैल तयार होतो. त्यानंतर लगेच गणपतीच्या मखरांची जाळी सुरू होते. या महिना-दीड महिन्यात यंत्र आठ दिवस बंद पडले तर वर्षाचे गणित चुकते. दोष लवकर आणि कमी खर्चात कसा ओळखावा, हा म्हणूनच आमच्या घरी जेवणाखाण्याचा प्रश्न आहे.

घेताना काय पाहावे

प्रथम मोटारीवरील पट्टी वाचावी. आपल्याकडील वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. परदेशातून आलेल्या यंत्रावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे लिहिलेले आढळते. ते सरळ जोडले तर मोटार जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवले तरी त्यातली इंडक्शन मोटार सुमारे एकषष्ठांश मंद फिरेल. नंतर वीज बंद ठेवून वरचा हात आडवा हलवून पाहावा. तो लडबडत असेल तर बुश झिजले आहेत. मोटारीचा दांडा हाताने पूर्ण एक फेरी फिरवावा. कोठे अडकतो का, ते लगेच कळते. शेवटी पाते कोणत्या प्रकारचे लागते ते विचारावे. टोकांना आडवी पिन असलेली पाती आणि सपाट टोकांची पाती असे दोन प्रकार आहेत. दोन्हींची लांबी सुमारे ५ इंच असते. सपाट पाती अधिक बारीक मिळतात आणि लहान छिद्रातून ओवता येतात. म्हणून जाळीकामाला तीच सोयीची.

रोजची निगा

काम संपल्यावर भुसा ब्रशने झाडावा. तो क्रँकजवळ साचला की तेलात मिसळून लापशीसारखा घट्ट होतो. पितळी बुशांना अधूनमधून तेलाचे दोन थेंब पुरतात. बंदिस्त बेअरिंगला मात्र वरून तेल घालू नये. पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर गंज येतो. तो बारीक पॉलिश पेपर व रॉकेलने काढून, पुसून, वर मेणबत्तीचे मेण घासावे. तेल लावून ठेवले तर लाकडावर डाग पडतात.

दोष आणि त्यांचा शोध

यंत्र बिघडले की बाबा म्हणतात, "पयले कान लाव, मंग हात लाव." याचे शास्त्र असे की, स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही.

१. पाते वारंवार तुटणे : ताण कमी, ताण जास्त, लाकूड जोराने रेटणे किंवा पाते बोथट होणे, यांपैकी एक कारण बहुधा असते. ताणलेले पाते बोटाने छेडले तर तारेसारखा स्पष्ट सूर निघावा, आणि बाजूने दाबल्यास ते साधारण ३ मिलिमीटरपेक्षा अधिक वाकू नये. सागात सिलिका असते, त्यामुळे पाते लवकर बोथट होते. बोथट पात्याने लाकूड जळून काळेही पडते. रेषेवर पारदर्शक चिकटपट्टी लावली की जळणे कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

२. पाते निसटणे : आमच्या यंत्राचे पाते सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी सुटत असे. एका कारागिराने संपूर्ण वरचा हात बदलण्याचा सल्ला दिला. वस्तुतः पकडीच्या स्क्रूचे तोंड झिजून गुळगुळीत झाले होते. पॉलिश पेपरने ते खरबरीत केले आणि नव्या पात्याच्या टोकांवरचे तेल पुसले, एवढ्यावर काम भागले. खर्च शून्य.

३. काप तिरपा येणे : सुमारे ४ सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यावर समोरून २ मिलिमीटर खोल खाच पाडावी. यंत्र थांबवून तुकडा फिरवून पात्याच्या मागे आणावा. पात्याची पाठ खाचेत अलगद बसली तर टेबल काटकोनात आहे. नाही तर टेबल सैल करून जुळवावे. गुण्या लावूनही पाहता येते, परंतु बारीक पात्याशी तो लावणे कठीण जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरळ रेष कापताना पाते एका बाजूला ओढते, हा यंत्राचा दोष नव्हे. कारखान्यात दाते पाडताना एका कडेला बारीक कंगोरा राहतो, त्यामुळे ती कड अधिक कापते. लाकूड किंचित तिरपे धरले की रेष सरळ येते. तसेच दात्यांची टोके खाली असावीत; पाते उलटे बसले तर लाकूड टेबलावर उड्या मारते.

४. थरथर व ठोके : आधी यंत्र ज्या बाकावर आहे तो पाहावा. जड बाकाला बोल्टने आवळून खाली रबराची पट्टी घातली की निम्मी थरथर जाते. फेरीगणिक एक ठोका ऐकू येत असेल तर क्रँकचा बुश झिजला आहे. तो खरादवाल्याकडून करून घेता येतो.

५. मोटार गुणगुणते पण फिरत नाही : येथे घाईने मोटार बांधायला देऊ नये. प्रथम विजेचा दाब पाहावा. आमच्या गावी रब्बीत पंप सुरू झाले की दाब उतरतो. तशात मोटार गुणगुणत तापते, म्हणून ती लगेच बंद करावी. दाब ठीक असेल तर कपॅसिटर गेलेला असू शकतो, आणि तो मोटारीच्या मानाने फार स्वस्त असतो. मात्र वीज बंद असतानाही त्यात भार शिल्लक राहतो, म्हणून हे काम जाणत्याकडून करून घ्यावे. ब्रशच्या मोटारीत ठिणग्या दिसल्या तर कार्बन झिजले आहेत का ते पाहावे.

सुरक्षिततेविषयी दोनच गोष्टी. पाते बदलताना प्लग काढलाच पाहिजे. केवळ बटन बंद करणे पुरेसे नाही. आणि नाका-तोंडावर नुसता रुमाल न बांधता नीट बसणारा मास्क वापरावा. लाकडाचा भुसा कर्करोगास कारणीभूत ठरतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला. जुन्या वाढयांचा कायमचा खोकला आपण वयाचा म्हणून सोडून देतो, ते योग्य नव्हे.

वरील पाच दोषांपैकी चारांना आमच्याकडे जवळजवळ पैसा लागला नाही. लागला तो वेळ आणि क्रम. या क्रमाचे ज्ञान बाबांच्या कानात आणि बोटांत आधीपासून होते. मी फक्त त्याला क्रमांक दिले आणि कारणे शोधली. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे अनेक जण आहेत, ज्यांच्या घरी माग, भाता, चाक किंवा शिलाईयंत्र आहे. त्यांनी घरच्या जाणत्यांना विचारून ते ज्ञान मराठीत लिहून काढावे आणि लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवावे, ही विनंती. चुका ते लगेच सांगतील. हा लेखही बाबांकडून दोनदा तपासून घेतला आहे.