लिनक्स संगणकावरील प्रवेशाच्या अडचणी : कारणे, परीक्षा आणि उपाय

विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. तिच्या पुढील आवृत्तीला लागणारी यंत्रसामग्री अनेक जुन्या संगणकांत नसते. असे संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविणे, हा शाळा, ग्रामपंचायती व लहान कार्यालये यांना परवडणारा मार्ग आहे. प्रणाली बसविण्याचे काम आज फारसे अवघड राहिलेले नाही. अडचण उद्भवते ती बहुधा त्यानंतर. संगणक सुरू होतो, नाव व पासवर्ड विचारणारा पडदा येतो आणि कितीही प्रयत्न केला तरी आत प्रवेश मिळत नाही.

अशा वेळी 'प्रणाली पुन्हा बसवून टाका' हा सल्ला सर्वप्रथम दिला जातो. तो बहुतेक वेळा अनावश्यक असतो, आणि घाईने अमलात आणल्यास हानिकारकही ठरतो. पुनःस्थापनेच्या वेळी डिस्क पुसली गेली, तर घरपट्टीची मागणी यादी, विद्यार्थ्यांची गुणपत्रके किंवा वर्षभराचा पत्रव्यवहार क्षणात नाहीसा होऊ शकतो. वस्तुतः प्रवेश नाकारला गेला म्हणजे आतील माहिती नष्ट झाली, असे नव्हे. कोणते दार अडले आहे, हे प्रथम ओळखावे आणि तेवढेच दुरुस्त करावे, हे या लेखाचे सूत्र आहे.

लिनक्सचा अल्प परिचय

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा तयार केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्याला जोड मिळाली आणि त्यातून पूर्ण प्रणाली उभी राहिली. निरनिराळ्या संस्था ती आपापल्या पद्धतीने बांधून देतात. त्या संचांना 'वितरण' म्हणतात. डेबियन (१९९३) आणि उबुंटू (२००४) ही त्यांपैकी प्रसिद्ध वितरणे होत. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे 'बॉस' हे वितरण २००७ साली उपलब्ध करून दिले. पुढील विवेचन मुख्यतः या कुटुंबाला धरून केले आहे.

लिनक्सची घडण युनिक्स या जुन्या बहुवापरकर्ता प्रणालीच्या धर्तीवर झाली आहे. एकाच यंत्रावर अनेक व्यक्ती काम करणार, हे तेथे गृहीत धरलेले असते. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र नाव, स्वतंत्र पासवर्ड आणि 'होम' नावाचे स्वतंत्र फोल्डर दिले जाते. सर्वाधिकार मात्र 'रूट' या एकाच खात्याकडे असतात. ही शिस्त ध्यानी घेतली म्हणजे प्रवेशाच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो.

प्रवेशमार्गावरील तीन दारे

संगणक सुरू केल्यापासून काम करण्याचा पडदा समोर येईपर्यंत तीन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार डिस्कच्या कुलपाचे. स्थापनेच्या वेळी डिस्क कूटबद्ध केली असेल, तरच ते असते आणि सुरुवातीलाच एक परवलीचे वाक्य मागते. हे वाक्य आणि वापरकर्त्याचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; त्यांची गल्लत पुष्कळदा होते. दुसरे दार ओळखीचे. येथे नाव व पासवर्ड यांची पडताळणी होते. तिसरे दार कामाच्या सत्राचे. ओळख पटल्यावर प्रणाली त्या व्यक्तीचे होम फोल्डर उघडते, त्यात काही बारीक नोंदी करते आणि मग चित्रमय पडदा मांडते.

अडचण कोणत्या दाराशी आहे, हे लक्षणांवरून कळते. 'पासवर्ड चुकीचा आहे' असा संदेश आला, तर दोष दुसऱ्या दाराशी आहे. संदेश न येता पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा नाव विचारू लागला, तर पासवर्ड बहुधा बरोबर असून तिसरे दार अडले आहे. नाव विचारणारा पडदाच आला नाही, तर दोष बहुधा चित्रदर्शक यंत्रणेत असतो. या तिन्ही स्थितींवरील उपाय भिन्न आहेत.

पासवर्ड नाकारला जातो तेव्हा

प्रथम कॅप्स लॉक व नम लॉक या कळा तपासाव्यात. लिनक्समध्ये मोठी व लहान इंग्रजी अक्षरे भिन्न मानली जातात. यानंतर कळफलकाच्या मांडणीकडे वळावे. आपल्याकडे हे कारण विशेष महत्त्वाचे आहे. स्थापनेच्या वेळी मराठी किंवा हिंदी मांडणी निवडली असेल, तर प्रवेशपडद्यावर टंकलेले अक्षर देवनागरी उमटते. परंतु ठिपक्यांच्या आड ते दिसत नाही. रोमन अक्षरांत ठरविलेला पासवर्ड मग कधीच जुळत नाही. बहुतेक प्रवेशपडद्यांवर भाषेचे लहानसे चिन्ह असते. तेथून इंग्रजी मांडणी निवडावी.

दोन्ही मांडण्या इंग्रजीच असल्या तरी फरक पडू शकतो. अमेरिकी मांडणीत ईमेलच्या पत्त्यातील 'ॲट' हे चिन्ह शिफ्ट व दोन या कळांनी उमटते; ब्रिटिश मांडणीत त्याच कळांनी दुहेरी अवतरणचिन्ह उमटते. शंका फेडण्याचा सोपा मार्ग असा : जवळपास कोणी नसताना पासवर्ड नावाच्या चौकटीत टंकून पाहावा, अक्षरे अपेक्षेप्रमाणे उमटतात की नाही याची खात्री करावी आणि लगेच पुसून टाकावा.

नावाबाबतही घोटाळा होतो. स्थापनेच्या वेळी पूर्ण नाव आणि संगणकासाठीचे लघुनाव अशी दोन नावे विचारली जातात. प्रणालीला ओळख असते ती लघुनावाची, आणि ते सामान्यतः लहान रोमन अक्षरांत असते. तसेच अनेक वितरणांत 'रूट' या नावाने चित्रमय पडद्यावरून प्रवेश दिला जात नाही. तो दोष नसून संरक्षणाची तरतूद आहे. काही ठिकाणी लागोपाठ चुका झाल्यास खाते काही काळ बंद होते. या सोयीची मूळ मर्यादा तीन चुका व दहा मिनिटे अशी आहे. तेव्हा पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहण्यापेक्षा थोडे थांबणे हितावह ठरते.

अक्षरपडद्याचा आधार

चित्रमय पडद्याखेरीज लिनक्समध्ये केवळ अक्षरांचा पडदा नेहमी उपलब्ध असतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या असता तो समोर येतो. काही लॅपटॉपवर त्यांच्यासह एफ-एन ही कळही दाबावी लागते. तेथे लघुनाव व पासवर्ड द्यावा. पासवर्ड टंकताना ठिपके किंवा तारका काहीही उमटत नाहीत. कळफलक बंद पडला असा समज करून घेऊ नये. या पडद्यावर देवनागरी अक्षरे नीट दिसत नाहीत. मराठी नावांच्या फायलींच्या जागी चौकोन किंवा निरर्थक चिन्हे दिसली, तरी फायली बिघडल्या असे समजण्याचे कारण नाही.

येथे प्रवेश मिळाला, तर पासवर्ड योग्य असल्याचे आणि दोष तिसऱ्या दाराशी असल्याचे निश्चित होते. निम्मे निदान येथेच होते.

पडदा उजळतो आणि परत फिरतो

या स्थितीची चार कारणे नेहमी आढळतात. पहिले कारण, डिस्क भरलेली असणे. सत्र सुरू होताना होम फोल्डरमध्ये काही नोंदी कराव्या लागतात. जागाच नसेल तर सत्र उभे राहत नाही. अक्षरपडद्यावर डी व एफ ही दोन लहान इंग्रजी अक्षरे टंकून एंटर दाबल्यास प्रत्येक विभाग किती टक्के भरला आहे, हे दिसते. शंभर टक्के असा आकडा दिसल्यास अनावश्यक डाउनलोड व कचरापेटीतील फायली काढून जागा मोकळी करावी. कार्यालयीन फायली मात्र नक्कल घेतल्याशिवाय काढू नयेत.

दुसरे कारण, फायलींची मालकी बदललेली असणे. रूटचे अधिकार घेऊन एखादा चित्रमय कार्यक्रम चालविला, तर होम फोल्डरातील एखादी फाइल रूटच्या मालकीची होऊन बसते. 'एक्सऑथॉरिटी' ही अशीच एक फाइल होय. तिच्या नावाच्या प्रारंभी टिंब असल्याने ती एरवी दृष्टीस पडत नाही. ती पुसून टाकण्याऐवजी तिचे नाव बदलून ठेवावे. पुढील प्रवेशाच्या वेळी प्रणाली आवश्यकतेप्रमाणे नवी फाइल निर्माण करते.

मालकीचा प्रश्न नव्याने स्थापना केल्यावर आणखी एका रीतीने उभा राहतो. लिनक्स फायलीची मालकी नावाने नव्हे, तर क्रमांकाने लक्षात ठेवते. डेबियन व उबुंटू यांत पहिल्या वापरकर्त्याला १०००, दुसऱ्याला १००१ असे क्रमांक मिळतात. एखाद्या शाळेत पूर्वी मुख्याध्यापकांचे खाते प्रथम व लिपिकाचे नंतर उघडले होते, असे समजू. जुना होम विभाग तसाच ठेवून प्रणाली नव्याने बसविली आणि खाती उलट क्रमाने उघडली, तर मुख्याध्यापकांच्या फायली लिपिकाच्या आणि लिपिकाच्या फायली मुख्याध्यापकांच्या मालकीच्या ठरतात. दोघांचेही पासवर्ड बरोबर असूनही दोघांना सत्र मिळत नाही. यावर उपाय म्हणजे मालकी बदलण्याची आज्ञा देणे. ती जाणकाराकडून आणि त्या त्या व्यक्तीच्या होम फोल्डरपुरतीच द्यावी. संपूर्ण डिस्कवर ती लागू केल्यास प्रणालीच कोलमडते.

तिसरे कारण, होम फोल्डरातील प्रारंभिक सूचनांच्या फायलीत कोणीतरी केलेला चुकीचा बदल. नवे चाचणी खाते उघडून पाहावे. त्यातून प्रवेश मिळाला, तर दोष जुन्या खात्याच्या फायलींत आहे, प्रणालीत नाही. चौथे कारण, निवडलेल्या सत्राचा प्रकार. प्रवेशपडद्यावर दातेरी चक्राचे चिन्ह असल्यास तेथून दुसरा प्रकार निवडून पाहावा.

पडदा काळाच राहतो तेव्हा

चित्रदर्शक कार्ड आणि त्याचा चालक यांचे जुळले नाही, की नाव विचारणारा पडदाही येत नाही. अशा वेळी संगणक सुरू होताना ग्रबची यादी आणावी. जुन्या पद्धतीच्या संगणकावर शिफ्ट कळ दाबून धरल्याने आणि नव्या पद्धतीच्या संगणकावर एस्केप दाबल्याने ती येते. तेथून आधीचा गाभा किंवा 'रिकव्हरी' हा पर्याय निवडता येतो. 'नोमोडसेट' हा शब्द सुरुवातीच्या सूचनेत जोडल्यास साधा पडदा मिळतो. तेवढ्या वेळात योग्य चालक बसवावा. ही तात्पुरती सोय आहे, कायमचा उपाय नव्हे.

पासवर्ड विसरल्यास

रिकव्हरीच्या यादीतून रूटचा अक्षरपडदा उघडता येतो. डिस्कवर लेखनाची परवानगी देऊन 'पासडब्ल्यूडी' ही आज्ञा व वापरकर्त्याचे लघुनाव टंकल्यास नवा पासवर्ड ठरविता येतो. डेबियनमध्ये यासाठी रूटचा पासवर्ड विचारला जातो. उबुंटूमध्ये रूट खाते मुळात बंद असल्याने तो सहसा विचारला जात नाही. पासवर्ड असा बदलल्यानंतर पहिल्या प्रवेशाच्या वेळी साठविलेल्या पासवर्डांची पेटी जुना पासवर्ड मागते. तो नवा बिघाड नव्हे.

यातून एक गंभीर गोष्ट स्पष्ट होते. ज्याच्या हाती यंत्र, त्याला पासवर्ड बदलणे शक्य असते. म्हणून हे काम कार्यालयप्रमुखांच्या लेखी संमतीनेच व्हावे आणि संगणकाची खोली कुलूपबंद असावी. डिस्क कूटबद्ध केल्यास हा धोका टळतो. परंतु परवलीचे वाक्य हरवले, आणि दुसरी किल्ली किंवा नक्कल नसली, तर माहिती परत मिळत नाही. ते वाक्य बंद लिफाफ्यात, मोहोर लावून, जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवणे इष्ट होय.

पुनःस्थापनेपूर्वीचे कर्तव्य

सर्व उपाय थकले, तरी एक पायरी शिल्लक राहते. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसविले, त्याच पेनड्राइव्हवरून अनेक वितरणे डिस्कला हात न लावता तात्पुरती चालविता येतात. अशा रीतीने संगणक सुरू करून होम फोल्डरची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, दोन-चार फायली उघडून पाहाव्यात आणि मगच पुनःस्थापनेचा विचार करावा. डिस्क कूटबद्ध असल्यास येथेही परवलीचे वाक्य लागते.

भविष्यातील अडचणी टाळण्यासाठी काही दक्षता सहज घेता येण्यासारख्या आहेत. स्थापनेच्या वेळी इंग्रजी कळफलक मूळ ठेवावा आणि मराठी नंतर जोडावा. व्यवस्थापकीय अधिकार असलेले दुसरे खाते राखून ठेवावे. खात्यांची नावे, त्यांचे क्रमांक, निवडलेली मांडणी व स्थापनेचा दिनांक यांची नोंद एका साध्या वहीत करावी. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नयेत. महत्त्वाच्या फायलींची नक्कल दर आठवड्यास घ्यावी. अधिकारी बदलून जातात, शिक्षकांच्या बदल्या होतात, पंचायतीची मुदत संपते. संगणक व त्यातील लोकांच्या नोंदी मात्र तेथेच राहतात. नव्याने येणाऱ्या व्यक्तीच्या हाती ती वही असली, तर बंद दारापुढे उभे राहून प्रणाली पुसून टाकण्याचा प्रसंग तिच्यावर सहसा येणार नाही.